आई हार्टने गेली

रेडिएशनच्या खोलीबाहेर बाकावर माझ्या शेजारी एक बाई आणि तिचा थोरला भाऊ बसले होते.

"दादा, काल डॉक्टर विचारत होते, घरात कुणाला रेडिएशनचा शेक दिल्यावर फुप्फुसांचा त्रास झाला होता का. काहींना तो धोका जन्मतःच जास्त असतो म्हणे, रक्ताच्या नात्यातून येतो."

"तू काय सांगितलंस?"

"कुणाला शेकच दिला नव्हता म्हणून सांगितलं. आई तर हार्टने गेली."

"आई हार्टने नाही गेली."

"काय?"

"छातीवर शेक दिला होता तिला. गाठ गेली, पण मग खोकला थांबेना, धाप लागायला लागली. त्यातच गेली."

"तुम्ही सगळे तर तेव्हा म्हणालात, मावशीकडे आरामाला गेलीय!"

"तुझं लग्न ठरत होतं गं. कॅन्सरचं कळलं असतं तर मोडलं असतं. आईनेच शपथ घातली होती."

"आता माझी मुलगी लग्नाला आली, दादा."

"म्हणून तर म्हणतो, डॉक्टरांना एकट्यांना सांगू. बाहेर बोलायला नको."

तेवढ्यात नर्सने दार उघडलं. "चला ताई, आत या."

"थांबा जरा. माझी मुलगी खाली गाडी लावतेय, तिला येऊ द्या. दादा, तिच्यासमोर सांग."