ताठ मानेचा नमस्कार

आमच्या वडलांच्या, म्हंजे आप्पांच्या मानेचं ऑपरेशन झालं, तवाची गोष्ट ऐका. वडगावात मागावर कापड विणत बसून बसून त्यांची कंबर लई धरायची, पायही लटपटायचे. डॉक्टर म्हणाले, "मानेत नस दबलीय. तिथंच ऑपरेशन करावं लागेल."

आप्पांची थोरली बहीण, आक्का, भडकली. "दुखतीया कंबर आन् कापतासा मान?"

"पाय वाचतील. कमरेचं वचन नाही देत," डॉक्टर म्हणाले.

दोनेक महिन्यांनी आप्पा मानेला पट्टा बांधून दवाखान्यात चालत गेले. आक्काचा राग कुठल्या कुठं पळालेला. "पाया पड की रं डॉक्टरांच्या!"

डॉक्टर घाबरले. "नको, नको! मान वाकवू नका!"

आप्पा मान ताठ ठेवून कमरेतनं वाकले आणि त्यांनी पाय धरले. म्हणाले, "मान कशाला वाकवू, साहेब? तुम्ही कंबर दिलीसा की!"