अंगाला की काठाला?

मंडळी, नामाचा गजर झाला, तबला तापला, आता जरा सावरून बसा. खांबाला टेकलं की झोप येते, आणि ती मला इथून दिसते! आज एकच प्रश्न घेतलाय. ज्याच्यावर आपला जीव, त्याला आपल्याच रंगात बुडवून काढायचं — हे प्रेम म्हणायचं, की हट्ट? लगेच माना डोलवू नका. आधी ऐका.

कराडात एक वामनराव बगाडे. धंदा काय? मॅचिंग सेंटर! बघा, बायकांच्या बाजूला लगेच हसू फुटलं. पुरुषांसाठी सांगतो, साडीला जुळणारं ब्लाउजपीस, परकर, अस्तर मिळतं ते दुकान. तुम्ही बाहेर स्कूटरवर बसून जांभया देता, तेच! वामनरावांचं एकच ब्रीद — रंग तंतोतंत जुळला पाहिजे. गठ्ठ्यात नसला तर रंगाऱ्याकडून करून आणतील, पण जवळपासच्या रंगावर गिऱ्हाईकाची बोळवण करणार नाहीत.

त्यांची एकुलती लेक केतकी. कोल्हापूरला कपड्यांचं शिक्षण घेत होती. वामनरावांनी मनात केव्हाच ठरवलेलं, पोरगी शिकून येईल आणि आपल्या गादीवर बसेल. पण दिवाळीत आली तेव्हा तिनं सांगून टाकलं की मी स्ट्रीटवेअर करणार. म्हणजे काय, तर तरुण पोरं रस्त्यात घालून हिंडतात ते ऐसपैस कपडे. आता मला सांगा, आपण आजवर घातले ते काय माळ्यावर घालायचे होते? वामनरावही तेच म्हणाले. शब्दाला शब्द लागला आणि बापलेकीचं बोलणं तुटलं. तिच्या आईला, सुलभाताईंना, फोनवर निरोप्याचं काम लागलं. ‘बाबांना सांग’, ‘तिला सांग’. आहे की नाही हे घराघरातलं?

पुढे एकदा फोन आला तो थेट वामनरावांना. कॉलेजचा कार्यक्रम होता. प्रत्येकानं आपल्या घरच्या एका माणसाला असे कपडे घालून सगळ्यांसमोर चालवायचं. केतकी म्हणाली, “बाबा, मला तुम्ही हवेत. रंग मॅच झाले पाहिजेत बघा. तुम्ही तुमचा एक रंग निवडा, बाकीचं मी बघते.”

वामनरावांच्या डोळ्यांना पाणी आलं. लेकीनं बोलावलं! पण मंडळी, आनंदात माणूस अर्धंच ऐकतो. त्यांनी ‘मॅच’ ऐकलं, आणि पुढचं ‘बाकीचं मी बघते’ कुठल्या कुठं गेलं. मॅचिंग? आणि ते दुसऱ्या कुणी बघायचं?

लागले तयारीला. रंग निवडला डाळिंबी. कारण लहानपणी केतकीला तोच आवडायचा. डाळिंबी टीशर्ट घेतला. त्या रंगाची पँट मिळेना, तर पांढरी घेऊन रंगवली. टोपी रंगवली. कॅनव्हासचे बूट रंगाऱ्यापुढे ठेवले तेव्हा तो म्हणाला, शेठ, बूट मी कधी रंगवले नाहीत. हे म्हणाले, मीही कधी घातले नाहीत, रंगव! उरलेल्या रंगात रुमालसुद्धा बुडवून काढला. कार्यक्रमाच्या दिवशी असे कोल्हापुरात उतरले, की रिक्षावाल्यानं विचारलं, काका, बँडपथक कुठं उतरवायचं?

पेटीवाले फार हसताहेत. तुमचं तरी काय वेगळं आहे! सदरा राखाडी, धोतर धुऊन धुऊन राखाडी, आणि पेटीवर धूळ!

असो. केतकीनं बापाला पाहिलं आणि ती हसली नाही. हे लक्षात घ्या, ती हसली नाही. पण चेहरा पडलाच. तिनं खपून स्वतःच्या हातानं कपडे शिवले होते. शेवाळी रंगाची ढगळ पँट, तिला मोठमोठे खिसे. मोतिया रंगाचा सैल शर्ट. तिनं ते पुढे केले. वामनरावांनी हात लावला नाही. नाव पुकारायची वेळ जवळ येत होती.

“म्हणजे माझं मॅचिंग तुला चालत नाही,” ते म्हणाले. “जन्मभर मी तेच केलं, केतकी. त्यातलं काहीच नको तुला?”

बघा, कपड्यांवरून भांडण नव्हतंच ते. बाप विचारत होता, तुझ्या आयुष्यात मला जागा आहे का? पण असं सरळ कोण विचारतं? आपण पँटवरून भांडतो, आमटीतल्या मिठावरून भांडतो.

केतकी खाली बसली, बापाच्या बुटांची नाडी नीट बांधता बांधता म्हणाली, “बाबा, दुकानात बाई साडी घेऊन आली की तुम्ही पहिलं काय विचारता?”

“अंगाला की काठाला?”

“मग आज तुम्ही सगळं अंगालाच केलंत. काठ कुठंय?”

वाहवा! जाणत्या बायका काय करतात? साडीचं अंग हिरवं, काठ डाळिंबी, तर ब्लाउज काठाचा घेतात. काठ उचलला की दोन्ही रंग खुलतात. सगळंच एक केलं तर साडीही दिसत नाही आणि बाईही दिसत नाही. वामनरावांनी हे हजारोंना सांगितलं असेल, पण स्वतःच्या लेकीच्या वेळी विसरले.

आरशात त्यांनी स्वतःला नीट पाहिलं आणि टीशर्ट उतरवला. लेकीची शेवाळी पँट चढवली, मोतिया शर्ट घातला. टोपी आणि बूट मात्र डाळिंबीच ठेवले. मग पारखी नजरेनं म्हणाले, वर काठ आला, खाली काठ आला, मधे एक बुट्टी पाहिजे. रुमालाची घडी केली आणि पँटच्या खिशातून टोक तेवढं बाहेर काढलं. केतकी बघतच राहिली. हे तिलाही सुचलं नव्हतं.

बापलेक चालत गेले. छान दिसत होते हो दोघं! टाळ्या पडल्या. निवेदिकेनं विचारलं, काका, हे सगळं कुणी जुळवलं? वामनरावांनी माईक हातात घेतला.

“अंग तिचं आहे,” ते म्हणाले. “मी काठ.”

सुलभाताई पहिल्या रांगेत पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. गादीवर कोण बसणार, हा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. काठाचं काम तरी काय असतं? कापड उसवू न देणं. साडी कुठं जाईल ते काठ ठरवत नाही, तो तिच्याबरोबर जातो.

आता वर बघा, गाभाऱ्याकडे. देव सावळा. पितांबर पिवळा. गळ्यात तुळस हिरवी. त्यानं हट्ट धरला असता, की माझ्याजवळ यायचं तर सावळंच व्हा, तर तुळशीनं काय करावं? आणि तुम्ही-आम्ही कुठं जावं? त्यानं प्रत्येकाला आपापल्या रंगात जवळ घेतलं, म्हणून तर तो एवढा सुंदर दिसतो!

तर मंडळी, आता घरी जाल. दार उघडेल कुणीतरी — नातू असेल, सून असेल, ढगळ काहीतरी घातलेलं असेल. ‘हे काय घातलंयस’ असं ओठावर येईल, तेव्हा एवढंच करा. ते गिळा आणि विचारा, बाळा, यात माझ्यासाठी कुठं जागा आहे? उत्तर मिळेपर्यंत तिथंच उभे राहा. आता हात वर करा, ज्याच्या हाताला जो रंग असेल तो असू दे, आणि एका सुरात म्हणा, विठ्ठल, विठ्ठल!