चाळीसच्या वरचा वारा

दादा: तिकीट कशाला काढलंस गं? भाऊ मनोऱ्याची लिफ्ट चालवतो आणि बहीण रांगेत!

चिमी: सहा वर्षांनी आले ना. पाहुणीच झाले. चल, दाब बटण.

दादा: थांब, काटा बघू दे. वारा चाळीसच्या वर गेला की लिफ्ट न्यायची नाही. अठ्ठावीस. चल.

चिमी: अजून तसाच आहेस. नियमाचा पुतळा!

दादा: काटा नवीन आहे.

चिमी: त्या दिवशी वरचा कठडा रिकामा होता, दादा. मी आईला सांगून निघाले होते, माझ्या लग्नाचा राग गेला असेल तर मनोऱ्यावर ये, पिवळी चादर हलव. जहाजाच्या मागच्या टोकाला उभी होते मी. बंदर दिसेनासं होईपर्यंत.

दादा: हं.

चिमी: नाही आली. म्हणून फोन नाही केला. ती हट्टी, तर मी तिचीच लेक. आता आलेय, तिचं कपाट आवरायला.

दादा: आली होती.

चिमी: काय?

दादा: सगळ्यांच्या आधी येऊन खाली दाराशी उभी होती. चादर काखेत. काटा बेचाळीसवर. मी म्हटलं, आई, नियम म्हणजे नियम. ती म्हणते, अरे, झाडाचं पान हलत नाहीये, कसला वारा? मी म्हटलं, वरचा वारा वेगळा असतो.

चिमी: मग?

दादा: दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. काटा गंजून अडकला होता.

चिमी: आणि हे आज सांगतोयस? ती गेल्यावर?

दादा: तोंड नव्हतं गं. वाटलं, मायलेकी आहात, आज ना उद्या बोलाल. ती म्हणायची, मी वर दिसले नाही म्हणून पोरगी रुसलीय, आधी तिचा फोन येऊ दे.

चिमी: आणि तू मधे बसून दोघींची गंमत बघत राहिलास.

दादा: गंमत नव्हती.

चिमी: शिव्यासुद्धा सुचत नाहीयेत मला.

(लिफ्ट थांबते. दार उघडतं.)

दादा: चादर इथंच आहे. या स्टुलाखाली. तिनं परत नेलीच नाही.

चिमी: दे इकडे... अरे, केवढी मोठी आहे ही! डबल बेडची. एकटीला कशी हलवता आली असती?

दादा: म्हणाली होती, एक टोक तू धर.