भेकराचं पाणी

हसू नका, पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकच खोटा रिपोर्ट दिलाय, तोही एका भेकराचा.

लोहगडवाडीच्या आबांच्या गाईला टीबी निघाला. मी गुरांची डॉक्टर, त्यामुळे कडक शब्दांत सांगितलं. गाय वेगळी बांधा, दूध उकळूनच प्या, आणि गोठ्यापुढच्या पाण्याच्या दगडी डोणीत रानातल्या जनावराला तोंड घालू देऊ नका, नाहीतर रोग रानात जाईल.

आबा म्हणाले, "रोज एक भेकर येतं. लय वर्सं झाली. त्याला काय सांगू?"

"त्याचं पाणी लांब ठेवा."

महिन्याभराने मी एका दुपारी गेले, तर डोणीवर पत्रा टाकलेला. पार ओढ्यापलीकडे, रानाच्या कडेला एक घमेलं ठेवलेलं. आबा रोज कळशी घेऊन तिथवर जात होते.

मी म्हटलं, "बरं केलंत. येतं का भेकर?"

"येत आसंल. पाणी कमी हुतंय. पर हितनं माजी नजर तितवर पोचत न्हाई." मग म्हणाले, "तुमी बगा बरं, हाय का?"

मी कपाळावर हात धरून पाहिलं. घमेल्याच्या काठावर एक कावळा बसला होता.

"आहे की. पाणी पितंय."

"कान हलवतंय?"

"हलवतंय."

आबा बराच वेळ तिकडेच बघत राहिले. मी गाडी सुरू केली, तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "म्याडम, ते दुपारचं कदी येत न्हाई. पर बरं वाटलं."