पेशीची तारीख

बायकोचं दुखणं बरं होणार नाही, हे मला एका बुधवारी कळलं. डॉक्टर म्हणाले, "पेशींची वाढ आटोक्याबाहेर गेली आहे." मी मान डोलावली. पेशी म्हणजे कोर्टातली तारीख, एवढंच मला ठाऊक होतं. चार महिन्यांत ती गेली.

काल बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर लॉन्ड्रीत काम करणारी एक बाई आणि तिची मुलगी बसल्या होत्या. अकरा वाजता दहावीचा पेपर होता. पेपर आईचा होता.

"आई, पेशीपटल काय करतं?"

"आमच्या लॉन्ड्रीतला वॉचमन. हवं त्याला आत घेतो, नको त्याला हाकलतो."

"पेपरात वॉचमन लिहिलास तर परत नापास होशील."

"दोनदा झालेय, भीती कुणाला घालतेस? पुढचं विचार."

"पेशीत ऊर्जा कुठे तयार होते?"

"तंतुकणिकेत. आमचा बॉयलर."

"आई!"

"बॉयलर मनात म्हटलं गं."

"बरं, अन्नसाखळी सांग."

"गवत, नाकतोडा, बेडूक, साप."

"आणि साप मेला की?"

"बुरशी नि जीवाणू त्याला कुजवतात. त्याच्यातलं सत्त्व मातीत उतरतं, मातीतून पुन्हा गवतात चढतं. वाया काही जात नाही."

"याला म्हणतात काय?"

"विघटन. हे नाही चुकायचं माझं."

"पैकीच्या पैकी!"

"तूच तपासायला बस मग."

त्या हसत उतरल्या. माझा थांबा कधीच मागे गेला होता.

बायकोची राख अजून कपाटात, डब्यात आहे. ती मातीत मिसळायची राहिली आहे.