रणगाड्यावरची विभूती

आळंदच्या स्टँडवर माझ्यापुढं माय-लेक बसले होते. लेक मांडीवरचा वीतभर लांबीचा खेळण्यातला रणगाडा रुमालानं पुसत होता.

"आई, महिनाभर हवेच्या पिचकारीनं ह्याला हिरवे-मातकट डाग मारलो. तू विभूती कामून फासलीस?"

"आयुधपूजा होती, मृत्युंजय. ट्रॅक्टरला लावले, गिरणीला लावले. ह्यालाच कसं सोडू?"

"आगं, दुश्मनाला दिसू नये म्हणून हे डाग असतेत. तुझे तीन पांढरे पट्टे लांबून दिसायलेत."

"दिसू दे. हात जोडंल."

"आज कलबुर्गीत असले रणगाडे रंगवायची स्पर्धा हाय. नंबर जाईल माझा."

"नंबर कोण देणार?"

"लिंगराजअण्णा."

"विभूतीबिगर घराबाहेर पडत न्हाईत, तेच का?"

"व्हय."

"मग पुसायलास कामून?"