मशीनवरचा पाय

बसच्या रांगेत पुढे उभ्या मावशी-भाचीचं बोलणं दमलेल्या नर्सच्या कानात शिरलंच. दोघी एकाच शिलाई कारखान्यातल्या.

"टाके बघतो म्हणत सुपरवायझरने आज पुन्हा मानेवर हात ठेवला, मावशी."

"मग तू काय केलंस?"

"अंग चोरून बसले."

"अंग त्या मेल्याने चोरावं! उद्या हात लागला की मशीनवरचा पाय उचल. तुझं बघून आम्ही सगळ्या उचलू. मशिनी थांबल्या की मालक केबिनमधून धावत येतो. त्याला सांग, हात कुठे ठेवला ते."

"कामावरून काढलं तर?"

"सगळ्यांना काढून शर्ट कोण शिवेल, तो?"

"सांगेन. पण माझा आवाज कापतो गं."

"कापू दे. मशिनी बंद असतील. ऐकू जाईल."